विंडोजवरून मॅकवर: फोटो, फाँट आणि रंग न गमावता स्टुडिओ कसा हलवायचा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून नवा पीसी घ्यायचा की थेट मॅकवर जायचं, हा प्रश्न बऱ्याच स्टुडिओंसमोर आहे. मॅक घेणाऱ्यांची गडबड जवळजवळ एकाच ठिकाणी होते. ते आधी मशीन घेतात, मग हार्डडिस्क जोडतात आणि आपलं काय काय चालत नाही हे त्यानंतर शोधू लागतात. क्रम उलटा झाला की लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे फोटोंच्या नोंदवहीत, प्रश्नचिन्हं दिसतात, अल्बमवरचं वधूवरांचं नाव अगम्य अक्षरांत येतं आणि लॅबमधून आलेले प्रिंट स्क्रीनशी जुळत नाहीत.

हे मार्गदर्शन लाइटरूम क्लासिक आणि फोटोशॉपवर लग्न, प्री-वेडिंग आणि प्रॉडक्टचं काम करणाऱ्या सोलापूरच्या स्टुडिओंसाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या चार टप्प्यांतलं जवळजवळ सगळं काम जुन्या पीसीवर बसूनच होतं, आणि लोक नेमकं तेच गाळतात.

## १. तारीख ठरवा

लग्नसराईत हे काम काढू नका. तुळशीच्या लग्नानंतर तारखा सुरू होतात, जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते आणि उन्हाळाभर अक्षता पडत राहतात. आषाढी एकादशीनंतर बहुतेकांना उसंत मिळते. पण सोलापूरचं वेगळेपण विसरू नका. पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरांत श्रावणातही लग्नं होतात. त्यामुळे पंचांगाच्या भरवशावर न राहता स्वतःची ऑर्डर डायरी उघडा आणि सलग तीन-चार आठवडे कुठे मिळतात ते पाहा.

तारखेसोबत एक नियमही ठरवा. जी पार्टी, म्हणजे ज्या ग्राहकाचं काम, जुन्या पीसीवर सुरू झालं ते तिथेच संपवायचं. नवी ऑर्डर मॅकवर घ्यायची. अर्धा अल्बम इकडे आणि अर्धा तिकडे करू नका. एकच कॅटलॉग दोन्हीकडे उघडून काम केलं, तर कोणत्या मशीनवरचे बदल खरे हे दोन दिवसांनी कुणालाच सांगता येत नाही.

## २. मशीन घेण्याआधी यादी करा

एक वही घ्या. आठवडाभर स्टुडिओत जे जे सॉफ्टवेअर, प्लगइन, प्रिंटर आणि डोंगल (सॉफ्टवेअरची यूएसबी चावी) वापरलं जातं ते लिहीत जा. आठवणीतून एका बैठकीत यादी करू नका, कारण महिन्यातून एकदा लागणारी गोष्ट हमखास सुटते. मग प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा: मॅकवर चालतं, पर्याय शोधावा लागेल, किंवा पीसीवरच राहील.

लाइटरूम क्लासिक, फोटोशॉप: दोन्ही मॅकवर आहेत. ॲडोबीचं एक सबस्क्रिप्शन दोन कॉम्प्युटरवर ॲक्टिव्हेट करता येतं, एक विंडोज आणि एक मॅक असला तरी चालतं. फक्त दोन्हीकडे एकाच वेळी काम करता येत नाही. आजवर लायसन्स नसलेली कॉपी वापरत असाल, तर हा खर्च आजपासूनच हिशेबात धरा.

फोटोशॉपचे प्लगइन: विंडोजच्या प्लगइनची फाइल मॅकवर चालत नाही. त्याच प्लगइनची मॅक आवृत्ती हवी, आणि तीही ॲपल सिलिकॉन या ॲपलच्या स्वतःच्या चिपसाठी बनवलेली. विकणाऱ्याच्या अधिकृत पानावर हे तपासा.

एडियस: व्हिडिओ एडियसवर करत असाल तर इथे थांबून विचार करा. एडियस फक्त विंडोजवर चालतं आणि त्याचे प्रोजेक्ट मॅकवर उघडत नाहीत. दाविंची रिझॉल्व्ह किंवा प्रीमियरवर जाता येतं, पण मशीन आणि एडिटिंग सॉफ्टवेअर एकाच हंगामात बदलू नका असं माझं स्पष्ट मत आहे. फोटो मॅकवर न्या, व्हिडिओ निदान एक हंगाम पीसीवरच राहू द्या.

अल्बम डिझाइनची सॉफ्टवेअर: यातली बरीच फक्त विंडोजची असतात आणि डोंगलवर चालतात. ‘मॅकवर विंडोज टाकून देतो’ असं दुकानदार म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर विंडोज बसवणारी बूट कॅम्पची सोय नाही. पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमधून विंडोज ११ ची आर्म आवृत्ती चालते, पण डोंगलचा ड्रायव्हर तिथे चालेलच असं नाही. सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडून उत्तर लेखी घ्या.

प्रिंटर: मॉडेल नंबर बघून कंपनीच्या साइटवर मॅकचा ड्रायव्हर आहे का आणि तो सध्याच्या मॅकओएसला चालतो का, हे पाहा. काउंटरवर पासपोर्ट फोटो काढणारा जुना प्रिंटर पीसीलाच जोडलेला ठेवणं पुष्कळदा जास्त सोयीचं पडतं.

तपासा: यादीत ‘पर्याय शोधावा लागेल’ अशा तीनपेक्षा जास्त गोष्टी असतील, तर मॅक घेण्याचा निर्णय पुढे ढकला. आधी ते पर्याय जुन्या पीसीवर वापरून हात बसवा.

## ३. मशीन निवडताना

इथे फार वेळ घालवू नका, पण दोन गोष्टी पक्क्या ठेवा. मॅकची रॅम नंतर वाढवता येत नाही. १६ जीबी ही किमान पातळी समजा. बऱ्याच लेयर असलेल्या १२ बाय ३६ इंची अल्बम शीट रोज उघडत असाल तर २४ जीबी घ्या, पैसे तिथे घाला. आतली २५६ जीबी स्टोरेज मात्र बाहेरच्या एसएसडीने भागवता येते.

दुसरं, इंटेल चिपचा जुना मॅक स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. मॅकओएस २६ ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे.

पोर्टही मोजून घ्या. एम४ मॅक मिनीला जुनं चौकोनी यूएसबी पोर्ट नाही आणि कार्ड स्लॉटही नाही. हब आणि कार्ड रीडर मशीनसोबतच आणा, नाहीतर पहिल्याच लग्नाचं कार्ड हातात घेऊन बसावं लागेल. मिनी घेत असाल तर यूपीएसवर मशीन आणि बाहेरच्या डिस्क दोन्ही जोडा. लाइट गेल्यावर नुसतं मशीन वाचून उपयोग नाही, कॉपी चालू असलेली डिस्क अधिक धोक्यात असते.

## ४. जुन्या पीसीवरच उरकायची कामं

### फाँट

सोलापुरात एकाच महिन्यात मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांतले अल्बम करावे लागतात, म्हणून हे काम इथे मोठं आहे. श्रीलिपी, नुडी, अनु यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर फाइलच्या आत युनिकोड देवनागरी, कन्नड किंवा तेलुगू म्हणून साठवलेला नसतो. आत वेगळेच कोड असतात, फाँट त्यांना फक्त आपल्या अक्षरांचा आकार देतो. फाँट नसला की ‘शुभविवाह’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाँटची फाइल मॅकवर बसली तरी त्यात टाइप करून देणारं विंडोजचं सॉफ्टवेअर तिथे येत नाही. म्हणजे जुनं नाव दिसेल, पण नवं नाव घालता येणार नाही.

यावर दोन कामं करा.

पूर्ण झालेल्या पण पुन्हा छापाव्या लागू शकतील अशा शीटमध्ये टेक्स्ट लेयरवर राइट क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू शेप’ करा आणि फाइल नव्या नावाने सेव्ह करा. मूळ फाइलला हात लावू नका. शेप झालेला मजकूर कोणत्याही मशीनवर तसाच दिसतो.

ज्या टेम्पलेटमध्ये दर वेळी नावं बदलतात, त्यांचा मजकूर युनिकोड फाँटमध्ये पुन्हा टाइप करून घ्या. मराठीसाठी मुक्त किंवा बालू हे फाँट मोफत मिळतात. नोटो मालिकेत देवनागरी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही लिप्या आहेत. आणि हे काम मदतनिसावर सोडून देऊ नका. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं हमखास चुकतात, आणि अल्बमवर नाव चुकलं तर पार्टी शीट परत करते.

तपासा: फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडलंय ना ते पाहा. मग ‘सिद्धेश्वर’ आणि ‘आशीर्वाद’ हे दोन शब्द टाइप करा. अर्धं अक्षर सुटं पडलं किंवा रफार भलत्याच अक्षरावर बसला, तर सेटिंग अजून लागू झालेलं नाही. जुन्या फाइलमध्ये ते पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून वेगळं लावावं लागतं.

### लाइटरूमचा कॅटलॉग

आपल्याकडच्या पीसीत डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडलेले असतात आणि फोटो तिन्हीकडे विखुरलेले असतात. मॅकवर ड्राइव्हची अक्षरं नसतात, त्यामुळे कॅटलॉगला तिथे एकही फोटो ओळखीच्या जागी सापडत नाही. विखुरलेले फोटो आधी एकाच मुख्य फोल्डरखाली आणले तर मॅकवरची जोडणी काही क्लिकमध्ये होते.

हे हलवणं लाइटरूमच्या फोल्डर पॅनेलमधूनच करा. विंडोजच्या एक्सप्लोररमधून हलवलंत तर दुवे तिथेच तुटतात. हलवण्याआधी लायब्ररी मेनूतून ‘फाइंड ऑल मिसिंग फोटोज’ चालवा आणि जे सापडत नाहीत ते आत्ताच शोधा. आज हरवलेला फोटो मॅकवर गेल्याने सापडणार नाही. त्यानंतर कॅटलॉग ऑप्टिमाइझ करा आणि बाहेर पडताना इंटिग्रिटी तपासणीसह बॅकअप घ्या.

मग सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबा. त्याने एडिटिंगची माहिती एक्सएमपी फाइलमध्येही लिहिली जाते. ही दुसरी दोरी आहे, पहिली नव्हे. कलेक्शन, व्हर्च्युअल कॉपी आणि स्टॅक एक्सएमपीत जात नाहीत. ‘एक्सएमपी आहे, कॅटलॉग कशाला’ असं समजणाऱ्यांची निवड करण्याची सारी मेहनत वाया जाते.

सावधान: लाइटरूम बंद करा आणि कॅटलॉगचं पूर्ण फोल्डर उचला, एकटी एलआरकॅट (.lrcat) फाइल नाही. तिच्या शेजारी एलआरकॅट-डेटा नावाची दुसरी फाइल असते, त्यात मास्कची माहिती असते. ती मागे राहिली तर चेहऱ्यावर आणि आकाशावर केलेलं काम अडचणीत येतं. प्रिव्ह्यूचं जड फोल्डर मात्र सोडलं तरी चालेल, ते मॅकवर पुन्हा तयार होतं.

### प्रीसेट, ॲक्शन, रंगाची सेटिंग

लाइटरूमच्या प्रेफरन्सेसमध्ये प्रीसेट्स टॅबवर प्रीसेटचं फोल्डर उघडून दाखवणारं बटण आहे. ते दाबा, फोल्डर कॉपी करा. फोटोशॉपमध्ये ॲक्शनचा संच निवडून ‘सेव्ह ॲक्शन्स’ करा. एटीएन फाइल मॅकवर चालते, एबीआर ब्रशही चालतात. फक्त ज्या ॲक्शनमध्ये ‘डी ड्राइव्हवर सेव्ह करा’ अशी पायरी रेकॉर्ड झालेली आहे, ती मॅकवर अडकेल. ती पायरी तिथे पुन्हा रेकॉर्ड करावी लागेल, तेव्हा अशा ॲक्शनची नावं आत्ताच वहीत लिहा. कलर सेटिंग्जच्या चौकटीतून तुमची सेटिंग सेव्ह करा आणि लॅबने दिलेली आयसीसी प्रोफाइल (रंगांची माहिती देणारी फाइल) एका फोल्डरात ठेवा.

## ५. डिस्क आणि कॉपी

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

विंडोजच्या डिस्क बहुधा एनटीएफएस प्रकारच्या असतात. मॅक त्या वाचतो, पण त्यांवर लिहू शकत नाही. ‘डिस्कवर काहीच पेस्ट होत नाही’ म्हणून घाबरलेला माणूस मॅकच्या डिस्क युटिलिटीत जाऊन ‘इरेज’ करतो आणि वर्षांचं काम पुसलं जातं. डिस्क खराब नसते. त्यावरून मॅकच्या डिस्कवर कॉपी करून घ्यायचं, एवढंच.

कॉपी अशी करा:

१. पीसीच्या आतले फोटो नव्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ही डिस्क एक्सफॅट प्रकारची असू द्या, ती दोन्हीकडे लिहिता-वाचता येते. कट-पेस्ट कधीही नाही, फक्त कॉपी. टेराकॉपीसारखं सॉफ्टवेअर वापरलंत तर व्हेरिफाय चालू ठेवा.

२. मॅकसाठी वेगळी एसएसडी घ्या, ती कोरी असतानाच एपीएफएस प्रकारात फॉरमॅट करा आणि एक्सफॅट डिस्कवरून तिच्यावर कॉपी करा. रोजचं काम या एसएसडीवर करायचं. एक्सफॅट फक्त ने-आण करण्यासाठी. इजेक्ट न करता ओढलेली वायर एक्सफॅटला फार महागात पडते.

३. एक्सफॅट डिस्क आणि पीसीतली मूळ डिस्क दोन्ही बाजूला ठेवा. आता तीन प्रती झाल्या.

सावधान: पीसीवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल आणि ती डिस्क काढून थेट मॅकला जोडलीत, तर मॅकला ती वाचता येणार नाही. बाहेरच्या डिस्कवर कुलपाचं चिन्ह दिसत असेल तर विंडोजवरच ते आधी काढा. त्याला तासन्‌तास लागू शकतात, मध्ये वीज जाणार नाही अशी सोय करा.

सावधान: डिस्क जोडल्यावर मॅकने ‘इनिशिअलाइझ’ असा पर्याय दाखवला तर तो दाबू नका, ‘इजेक्ट’ करा. टाइम मशीनसाठी, म्हणजे मॅकच्या बॅकअपसाठी, ही डिस्क वापरू का असं विचारलं तर फोटोंच्या डिस्कला नाही म्हणा. टाइम मशीनला वेगळी, रिकामी डिस्क द्या.

तपासा: आकडे जुळवताना जीबी बघू नका. विंडोज १०२४ ने मोजतो आणि मॅक १००० ने, त्यामुळे ५०० जीबीची डिस्क विंडोजवर ४६५ दिसते. काही गेलेलं नसतं. दोन्हीकडे फोल्डरच्या माहितीत नेमके बाइट दिलेले असतात, ते जुळवा. लपलेल्या बारीक फाइलींमुळे किरकोळ फरक पडू शकतो, म्हणून पार्टीनिहाय फोल्डर तपासा आणि फरक दिसला तर फ्रीफाइलसिंकने आतला मजकूर ताडून बघा. प्रत्येक फोल्डरमधल्या दोन-चार रॉ फाइल शंभर टक्के झूम करून उघडायलाही विसरू नका.

## ६. मॅकवर जोडणी

कॅटलॉगचं फोल्डर मॅकच्या आतल्या स्टोरेजवर ठेवा, फोटो बाहेरच्या एसएसडीवर. कॅटलॉगवर डबल क्लिक करा. डावीकडच्या प्रत्येक फोल्डरवर प्रश्नचिन्ह दिसेल. ते दिसणारच. फोटो पुन्हा इम्पोर्ट करू नका आणि ‘रिमूव्ह’ तर मुळीच दाबू नका.

सगळ्यात वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करा, ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ निवडा आणि एसएसडीवरचं तेच फोल्डर दाखवा. खालचे सगळे आपोआप जुळतात. वरचं फोल्डर दिसत नसेल तर ‘शो पॅरेंट फोल्डर’ने आणा. जो एकेक फोटो शोधत बसतो तो चौथा टप्पा गाळून आलेला असतो.

प्रीसेट त्याच ‘दाखवा’ बटणाने उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाका, ॲक्शन लोड करा, युनिकोड फाँट फाँट बुकमध्ये बसवा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनपुट सोर्स म्हणून देवनागरी जोडा. कन्नड, तेलुगूची गरज असेल तर तेही आत्ताच.

## ७. रंग

चादरी आणि टॉवेलच्या व्यापाऱ्यांचं काम करणाऱ्यांनी हा टप्पा दोनदा करावा. गडद लाल आणि मरून रंगात चूक लगेच उघडी पडते, आणि ऑनलाइन फोटोपेक्षा माल वेगळा निघाला तर माल परत येतो.

आधी स्क्रीनची स्वतःहून बदलणारी प्रत्येक गोष्ट बंद करा: ट्रू टोन, नाइट शिफ्ट, ऑटो ब्राइटनेस. मॅकबुक एअर आणि प्रोचा पडदा पी३ प्रकारचा असतो, म्हणजे एसआरजीबी या नेहमीच्या रंगमर्यादेपेक्षा जास्त रंग दाखवतो. १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोवर ‘इंटरनेट अँड वेब’ हा एसआरजीबीचा रेफरन्स मोड आहे, लॅबच्या कामासाठी तो ठेवा. कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजणारं यंत्र) असेल तर नव्याने कॅलिब्रेट करा. त्याच मॉनिटरची विंडोजवर बनवलेली प्रोफाइल इथे आणू नका.

ब्राइटनेस हा स्वतंत्र रोग आहे. मॅकचा पडदा खूप उजळ असतो. त्यावर बरोबर वाटलेला फोटो प्रिंटला काळवंडतो आणि दोष लॅबला दिला जातो. प्रिंटसाठी पडदा साधारण ८० ते १२० निट्सवर (निट हे उजेडाचं माप) असावा. मोजायचं साधन नसेल तर पांढरी शीट उघडा, शेजारी खोलीच्या प्रकाशात कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत कमी करा.

मग फोटोशॉपची जुनी कलर सेटिंग लोड करा आणि ‘प्रोफाइल नसेल तर विचारा’ हा पर्याय चालू ठेवा. एक्सपोर्ट करताना एसआरजीबी निवडा, प्रोफाइल फाइलमध्ये जोडलेली राहू द्या.

तपासा: जुन्या अल्बममधली, ग्राहकाने पसंत केलेली एक शीट काढा. तिची फाइल मॅकवर उघडा आणि प्रिंट शेजारी धरा. त्वचा, शालूचा लाल आणि हळदीचा पिवळा या तिन्हींत फरक दिसत नसेल तर पुढे जा. दिसला तर फोटो दुरुस्त करू नका, पडदा दुरुस्त करा. फोटो आधीच बरोबर आहे.

## ८. बोटांची सवय

कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन, हे चार दिवसांत अंगवळणी पडतं. लाल बटणाने खिडकी बंद होते, सॉफ्टवेअर बंद होईलच असं नाही. फाइल हलवायची तर कमांड-सी आणि मग कमांड-ऑप्शन-व्ही.

एक फरक मात्र मॉनिटरला चिठ्ठी चिकटवण्याइतका महत्त्वाचा आहे.

सावधान: विंडोजवर त्याच नावाचं फोल्डर पेस्ट केलं की दोन्हींतल्या फाइली एकत्र होतात. मॅकवर ‘रिप्लेस’ दाबलं की जुनं फोल्डर पूर्ण जातं आणि फक्त नवं राहतं. दोन कॅमेऱ्यांची कार्डं ‘हळद’ नावाच्या एकाच फोल्डरात उतरवणाऱ्याचा पहिल्या कॅमेऱ्याचा सगळा कार्यक्रम असा जातो. प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळ्या नावाचं फोल्डर द्या, आणि ‘रिप्लेस’ विचारलं की हात मागे घ्या.

फोल्डरच्या नावात तिरपी रेघ किंवा प्रश्नचिन्ह घालू नका. मॅक ते चालवून घेतो, विंडोज घेत नाही, आणि लॅबमध्ये बहुतेकदा विंडोजच असतं.

## ९. लॅबला फाइल देताना

मॅकवरून पेनड्राइव्ह भरला की प्रत्येक फाइलच्या जोडीला टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी त्याच नावाची एक बारीक फाइल तयार होऊ शकते. मॅकवर ती दिसत नाही. लॅबच्या विंडोजवर दिसते, उघडत नाही, आणि ‘तुमच्या अर्ध्या फाइली करप्ट आहेत’ असा फोन येतो. पहिल्या ऑर्डरच्या आधीच ऑपरेटरला सांगून ठेवा की काही केबींच्या या फाइली सोडून द्यायच्या. त्याहून बरं म्हणजे पेनड्राइव्ह एकदा जुन्या पीसीला लावून त्या पुसून टाका. पेनड्राइव्ह एक्सफॅट असू द्या आणि इजेक्ट केल्याशिवाय काढू नका.

## १०. एक जुनं काम पुन्हा करा, मग पीसी मोकळा करा

नवीन पार्टीवर प्रयोग नको. संपलेलं एखादं लग्न घ्या आणि सगळं पुन्हा करा: कार्ड रीडरवरून कॉपी, निवड, कलर करेक्शन, नावासहित दोन शीट, एक्सपोर्ट, पेनड्राइव्ह, लॅबमध्ये एक प्रिंट. तो प्रिंट जुन्या अल्बमशेजारी ठेवा. जिथे अडलात ती जागा वहीत लिहा आणि तेवढीच दुरुस्त करा.

त्यानंतरही पीसी एक पूर्ण हंगाम ठेवा. विंडोज १० असेल तर तो इंटरनेटवरून काढा. जुन्या पार्टीची दुरुस्ती, श्रीलिपीतलं एखादं नाव, एडियसचा प्रोजेक्ट, या सगळ्यासाठी तो लागेल.

विकायची वेळ आली की हा क्रम पाळा. एसएसडीवरची प्रत आणि बॅकअप दोन्ही उघडून बघा. पीसीवरून ॲडोबीमधून साइन आउट करा म्हणजे दोनपैकी एक जागा मोकळी होईल. मग विंडोजच्या ‘रिसेट’मध्ये सगळं काढण्याचा पर्याय घेऊन त्यातलं ड्राइव्ह साफ करण्याचं सेटिंगही चालू करा. नुसतं फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून फोटो परत काढता येतात, आणि त्या डिस्कवर लोकांच्या घरातले, लेकीबाळींचे फोटो आहेत. साफ होईल याची खात्री नसेल तर डिस्क काढून ठेवा आणि पीसी डिस्कशिवाय विका.